मार्चएंड, खोटं बिल आणि 'सर्व गोष्टींत आज्ञा पाळा': अकाउंट्सला बसणाऱ्या ख्रिस्ती माणसाने नेमकं काय करायचं?

रोजकीर्द

जय ख्रिस्त. 'प्रार्थना करा, प्रभू वाट दाखवील' हे उत्तर मला ठाऊक आहे आणि मी ते मानतो. म्हणून त्याच्या पुढचं विचारतोय.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, फॅब्रिकेशनचं काम. हुद्दा अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. वर चीफ अकाउंटंट, त्यांच्या वर डायरेक्टर. सहीचा अधिकार नाही, पण व्हाउचर माझ्याच लॉगिनने पडतं. चार ठिकाणी अडतं.

मार्चएंडला एम.एस. प्लेटचं (लोखंडी पत्र्याचं) बिल येतं: ४,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी ७२,०००, एकूण ४,७२,०००. माल येत नाही. वरून उत्तर ठरलेलं, 'पेमेंट बँकेतून जातंय ना, मग झालं.' दुसरं, स्क्रॅपच्या गाडीचं वजन दर खेपेला कमी भरतं असं वाटतं. तिसरं, दिवाळीला व्हेंडरांची पाकिटं आणि गिफ्ट कार्डं. चौथं, सरकारी कामात 'वर' गेलेली रक्कम स्टाफ वेलफेअरला टाकायला सांगतात.

मंडळीत विषय काढला की कलस्सै ३:२२ दाखवतात, दासांनी धन्याची आज्ञा सर्व गोष्टींत पाळावी. मग प्रश्नच मिटला का? घराचा हप्ता चालू आहे, तेव्हा 'राजीनामा टाका' एवढंच लिहू नका.

ताळेबंद

बिलापासून धरू, कारण उरलेल्या गोष्टींचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो.

बँकेतून पेमेंट गेलं हा पैसे गेल्याचा पुरावा आहे, माल आल्याचा नाही. इनपुट क्रेडिटची (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची) मूळ अट माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळणं ही. बिल हातात असणं, जीएसटी पोर्टलच्या टू-बी यादीत दिसणं, पुरवठादाराने कर भरलेला असणं या तिच्या जोडीच्या अटी आहेत, तिच्या बदलीच्या नाहीत.

आता माल डोळ्यांसमोर आणा. चार लाखांची प्लेट ५७ रुपये किलोने धरली तर सात टन होते. सात टन लोखंड छोट्या टेम्पोत येत नाही. ते आलं असेल तर गेटच्या इनवर्ड रजिस्टरला गाडीचा नंबर आणि वेळ असते, काट्याची पावती असते, ई-वे बिल असतं (राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात एक लाखाच्या वर), स्टोअरचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) असतो आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट असतं. त्या सर्टिफिकेटवरचा हीट नंबर प्लेटवरही मारलेला असतो. खोटं बिल देणारा ई-वे बिलसुद्धा काढून देतो. हीट नंबर दाखवायला मात्र प्लेट लागते.

आणि एका एन्ट्रीवर भागत नाही. सात टन प्लेट स्टॉकला चढली, शॉप फ्लोअरवर नाही. ती उतरवायला खोटा कन्झम्प्शन (वापर) दाखवावा लागतो. कन्झम्प्शन वाढला की तयार मालाचं वजन जुळत नाही, मग स्क्रॅप फुगवावं लागतं. स्क्रॅप फुगवलं की स्क्रॅपची विक्री कुठे आहे, हा प्रश्न येतो. पहिल्या खोट्याला पोसायला आणखी तीन लागतात, आणि तिन्ही तुमच्याच लॉगिनने.

वरच्यांना यात काय मिळतं ते रुपयांत बघा, म्हणजे बोलणं सोपं जातं. कंपनीला २५.१७ टक्क्यांनी आयकर लागत असेल तर चार लाखांच्या खोट्या खर्चावर साधारण १,००,७०० वाचले आणि ७२,००० चं क्रेडिट मिळालं. म्हणजे पावणेदोन लाखांचा मोह. त्यातून बिल देणाऱ्याचं कमिशन जातं. सापडलं तर कर परत, १८ टक्के व्याज, आणि माल न घेता क्रेडिट घेतल्याबद्दल कराइतका दंड. आयकराचं वेगळं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३४४ हिशेबात खोटेपणा करण्याबद्दल आहे (जुनं ४७७-अ). फसवण्याच्या हेतूने केलं तर सात वर्षांपर्यंत. त्यात कारकून, अधिकारी आणि नोकर यांचा उल्लेख नावानिशी आहे. 'मी फक्त पंचिंग करतो' हा बचाव तिथे फारसा टिकत नाही.

आणखी एक, जे पुष्कळ साहेबांच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) बंधनकारक आहे आणि तो बंद करता येता कामा नये. बॅकडेटेड व्हाउचर टाकलं की व्हाउचरची तारीख ३१ मार्च आणि लॉगची तारीख १९ एप्रिल अशी शेजारी शेजारी उभी राहतात, समोर तुमचं युजरनेम. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. (प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला हा नियम नाही.) म्हणून लॉगिन कोणाला उसनं देऊ नका, चहाला जातानाही स्क्रीन लॉक करा.

आता करायचं काय. नाही म्हणायची गरज पहिल्या दिवशी पडतच नाही. कागद मागा. मेल एवढीच: 'सर, अमुक तारखेचं अमुक नंबरचं बिल मिळालं. सोबत जीआरएन, काटा पावती आणि टेस्ट सर्टिफिकेट नाही. मिळताच एन्ट्री करतो, तोवर बिल पेंडिंग फाइलला ठेवलं आहे.' आरोप नको, वचन नको, उपदेश तर नकोच. अर्धी प्रकरणं इथेच थंड होतात, कारण उत्तर लेखी द्यायचं कोणाच्या मनात नसतं.

दुसरं पाऊल म्हणजे पर्याय घेऊन जाणं. नफा जास्त दिसतो ही अडचण असेल तर खरे मार्ग तपासले आहेत का? काम मार्चमध्ये झालं आणि बिल एप्रिलमध्ये येणार, तर ३१ मार्चला प्रोव्हिजन (खर्चाची तरतूद) आणि १ एप्रिलला रिव्हर्सल; त्यासाठी मार्चच्या तारखेचं बिल मागायची गरज नसते. फक्त टीडीएस विसरू नका आणि जीएसटी क्रेडिट बिलाच्या तारखेनेच घ्या. बुडीत उधारी राइट ऑफ करायची राहिली आहे का? पीएफचा कामगाराचा हिस्सा मुदतीत भरला का? आणि सगळ्यात दुर्लक्षित: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत दिली नाहीत (करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५) आणि ३१ मार्चला थकली, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. चार लाखांचं खोटं बिल शोधणाऱ्या कंपनीत बाजूच्या गाळ्यातल्या वेल्डरचे सहा लाख थकलेले असतात. ते मुदतीत दिले की खर्च कायद्याने मिळतो. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको असं लेवीय १९:१३ म्हणतं. इथे आयकर खातं आणि मोशे एकाच बाजूला आहेत, असं फार वेळा होत नाही.

वसईकर

कलस्सैच्या ओळीवर बोलतो, कारण ती अर्धीच दाखवली जाते.

त्याच वाक्यात पुढे आहे की तोंडदेखली चाकरी नको, प्रभूचं भय धरून करा. २५ व्या ओवीत अन्याय करणाऱ्याला त्याचं फळ मिळेल आणि पक्षपात होणार नाही, आणि ४:१ मध्ये धन्यालाही वर धनी आहे. 'सर्व गोष्टींत' म्हणजे कंटाळवाण्या, न आवडणाऱ्या, कोणी बघत नसताना करायच्या सगळ्या कामांत. निर्गम १ मधल्या सुइणींना मुलगे मारायचा हुकूम थेट फारोचा होता, तरी त्यांनी तो पाळला नाही आणि देवाने त्यांचं भलं केलं. तेव्हा धन्याच्या आज्ञेला हद्द आहे, यावर शास्त्रात शंका नाही. ती हद्द नेमकी कुठे, हा खरा प्रश्न.

त्यासाठी कॅथलिक नीतिशास्त्रात एक जुनं हत्यार आहे. अठराव्या शतकातल्या संत अल्फोन्सस लिगोरींनी ते चांगलं घासून ठेवलं. दुसऱ्याच्या पापात सहभाग दोन तऱ्हांचा असतो. एक, तुम्हाला ते कृत्य हवंच आहे, किंवा तुमचं काम म्हणजेच ते कृत्य. हे कधीच चालत नाही. दुसरा, तुमच्या सरळ कामाचा दुसरा कोणी वाईट उपयोग करतो. इथे तीन गोष्टी मोजायच्या: तुमचं काम त्या पापाच्या किती जवळ आहे, तुमच्याशिवाय ते झालं असतं का, आणि नाकारल्याने तुमच्यावर व घरच्यांवर किती मोठं संकट येतं.

तुमच्या ऑफिसला लावून बघा. त्याच कंपनीत पगारपत्रक बनवणारा, फोन उचलणारा, खऱ्या बिलांच्या एन्ट्री करणारा: सहभाग लांबचा, चालतो. नोकरी सोडायलाच हवी असं नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने जकातदारांना (लूक ३:१२-१३) नोकरी सोडा म्हटलं नाही, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका म्हटलं. बँक रिकन्सिलिएशनमध्ये (बँकेच्या खात्याशी वह्या जुळवताना) त्या पेमेंटची ओळ टिक करणं: पैसे खरंच गेले आहेत, तुम्ही खरं तेच लिहिता, चालतं. पण माल आला असं सांगणारं व्हाउचर पाडणं म्हणजे दुसऱ्याच्या पापाला हातभार नाही, ते स्वतःच खोटं आहे. तिथे हप्ता वजनात धरता येत नाही.

व्हाउचर म्हणजे साक्ष. तारीख, रक्कम, कोणाकडून काय आलं: कोर्टात साक्षीदार जे बोलतो तेच इथे कागद बोलतो. म्हणून हे मुळात 'खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञेखाली येतं, चोरी नंतर. (आमच्याकडे ती आठवी, तुमच्याकडे नववी. भांडू नका.) कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४०९ व्या परिच्छेदात चोरीच्या जातीची पापं मोजली आहेत. खोटे चेक आणि बिलं, करचुकवेगिरी, लाच, कंपनीच्या वस्तू खासगी कामाला वापरणं, आणि वाईट केलेलं काम, सगळी एकाच रांगेत. शेवटच्या दोन आपण सोयीने गाळतो. ऑफिसच्या प्रिंटरवर चर्चची पत्रकं काढणारे आणि रोज पंधरा मिनिटं वचनं फॉरवर्ड करणारे खोट्या बिलावर मात्र तावातावाने बोलतात. महिन्याला २५ दिवस धरले तर ते सव्वासहा तास होतात.

आवकजावक

वसईकरांचं पटलं, एक भर घालतो. 'लांबचा सहभाग' म्हटलं की लोक लगेच अरामी सेनापती नामान काढतात (२ राजे ५). रिम्मोनच्या देवळात धन्यासोबत वाकावं लागेल, क्षमा असावी, आणि संदेष्टा अलीशा म्हणतो शांतीने जा. पण त्याच अध्यायाचा शेवट वाचा. अलीशाचा चाकर गेहजी धावत जाऊन धन्याच्या नावावर एक किक्कार (जुनं वजन) रुपं मागतो, दोन मिळतात, वर दोन पोशाख, आणि विचारल्यावर 'मी कुठे गेलोच नाही'. अध्याय वाकण्यावर संपत नाही, खोट्या क्लेमवर संपतो. नामानाची सवलत मागायची तर स्वतःच्या खिशात काही पडत नाही ना, हे आधी बघावं.

आता चौथा मुद्दा. 'वर दिले' यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हक्क नसलेलं मिळवायला दिले ती सरळ लाच. हक्काचं काम अडवून ठेवलं आणि पिळून घेतले ती खंडणी. बायबल घेणाऱ्यावर जास्त कडक आहे हे खरं (निर्गम २३:८, लाच डोळसालाही आंधळं करते), पण कायदा २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाऱ्यालाही शिक्षा करतो, सात वर्षांपर्यंत, आणि कंपनीलाही दंड. दिल्यानंतरची सुटका एकच: जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. आठव्या दिवशी ती ढाल गेली. मागणी झाल्यावर आणि पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सांगितलं तर ते जास्त सोयीचं, कारण सापळा तेव्हाच लागतो. महाराष्ट्रात टोल फ्री १०६४.

मागणी येऊच नये म्हणून काय करता येतं? फाइल एका फेरीत पूर्ण द्या. अडवायला जागा मिळते ती अर्धवट कागदांमुळे, आणि मुदत संपायला चार दिवस असताना धावल्यामुळे. नूतनीकरणाच्या तारखांचा तक्ता करा आणि ६० दिवस आधी अर्ज टाका. ती सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल तर ठरलेली मुदत आणि अर्जाचा क्रमांक मिळतो. मुदत चुकली की पहिलं अपील ३० दिवसांत, मग दुसरं, मग आयोग, आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड. रक्कम हसण्यासारखी आहे, पण अपिलाचा कागद फाइलला लागणं कोणालाच आवडत नाही. पौलाला सुभेदार फेलिक्सने पैसे मिळतील या आशेवर दोन वर्षं ताटकळत ठेवलं (प्रेषित २४:२६-२७). म्हणजे उशीर होतो हे गृहीत धरून तारखा लावायच्या.

आणि एन्ट्री? पैसे तुम्ही दिले नाहीत, तरी 'स्टाफ वेलफेअर' लिहिलंत तर खोटं तुमचं. सरळ सांगा: 'सर, डिनरचं बिल नाही, हजर स्टाफची यादी नाही, वेलफेअरला घेता येणार नाही. ज्यांनी रक्कम घेतली त्यांच्या नावे अ‍ॅडव्हान्स टाकतो, हिशेब आला की सेटल करतो.' रोख खरंच त्यांच्या हातात गेली आहे, तेव्हा नोंद खरी आहे. ती रक्कम ताळेबंदात त्यांच्या नावावर उभी राहते आणि ऑडिटला त्यांनाच उत्तर द्यावं लागतं.

काटापावती

स्क्रॅपचं बघू. इथे हवेत संशय घेऊन चालत नाही.

स्क्रॅप नेताना गाडी आधी रिकामी चढते (टेअर), मग भरून (ग्रॉस). नेट म्हणजे ग्रॉस वजा टेअर. टेअर फुगवलं की नेट घटतं, म्हणून खोटेपणा बहुधा रिकाम्या गाडीच्या वेळी होतो. ड्रायव्हर आणि क्लीनर वर बसलेले, २०० लिटरचं पाण्याचं पिंप भरलेलं. भरून आल्यावर दोघं खाली आणि पिंप रिकामं. दोन माणसं १३० किलो, पाणी २०० किलो, झाले ३३०. बत्तीस रुपये किलोने एका खेपेत १०,५६० रुपये. आठवड्याला एक गाडी धरली तरी वर्षाचा हिशेब तुम्हीच करा.

तपासायचं कसं: गाडी चढण्याआधी डिस्प्ले शून्य आहे का. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत का. मागचं चाक कडेला टेकलं तर वजन कमी येतं. केबिन दोन्ही वेळा रिकामी. टेअर आणि ग्रॉस एकाच काट्यावर, एकाच दिवशी. गाडीचं जुनं टेअर रजिस्टरला असेल तर ताडून बघा. त्याच गाडीचं टेअर खेपेगणिक दीडदोनशे किलोने हलत असेल तर विचारा. सात-आठ गाड्यांमागे एक, न सांगता, दुसऱ्या काट्यावर न्या. पण मोठ्या वे-ब्रिजचा काटा बहुधा दहा-दहा किलोच्या पायरीने चालतो, त्यामुळे वीस-तीस किलोच्या फरकावर कोणाला चोर म्हणू नका. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी व्हावी लागते, वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का आणि प्रमाणपत्र काट्यावर लावलेलं असतं. त्याची तारीख वाचा, कोणी वाचत नाही.

अनुवाद २५:१३ मध्ये पिशवीत दोन वजनं ठेवू नको म्हटलंय, एक मोठं एक लहान. घेण्याचं वेगळं, देण्याचं वेगळं. तेव्हा प्लेट घेताना आपला काटा आपल्या फायद्याने बोलतो का, हेही याच पद्धतीने तपासा. फक्त स्क्रॅपवाल्याचं तपासणं म्हणजे दुसरं वजन पिशवीतच ठेवणं.

दिवाळीच्या भेटी. नीतिसूत्रे १८:१६ म्हणतं भेट माणसाला वाट करून देते, निर्गम म्हणतं लाच आंधळं करते. दोन्ही खरं आहे, म्हणून सरसकट नियम फसतो. मिठाईचा पुडा आला, डिपार्टमेंटच्या टेबलावर फोडला, सगळ्यांनी खाल्ला: विषय संपला. तो परत करून व्हेंडरचा अपमान करू नका. तुमच्या नावाचं पाकीट, गिफ्ट कार्ड, चांदीचं नाणं: परत. निकष हा की ती वस्तू साहेबांच्या समोर, दुसऱ्या व्हेंडरच्या देखत घेता येईल का, आणि तुमची खुर्ची उद्या बदलली तर ती तुमच्या घरी येईल का, की खुर्चीवरच्या नव्या माणसाकडे जाईल. परत करताना त्याच दिवशी, आणि दोन ओळी लेखी: 'भेट मिळाली, आभार. स्वीकारता येत नाही म्हणून परत पाठवत आहे.' महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवून परत केलेलं पाकीट पुष्कळ शंका निर्माण करतं. सगळ्यांत सोपं म्हणजे दसऱ्याच्या आधीच सगळ्या व्हेंडरांना कंपनीच्या लेटरहेडवर पत्र जाणं. डायरेक्टर त्यावर आनंदाने सही करतात, कारण पाकिटांचा पैसा शेवटी रेटमध्ये त्यांच्याकडूनच वसूल होतो.

रोजकीर्द

मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. गेल्या वर्षीचं एक बिल एन्ट्री होऊन गेलंय, क्रेडिट घेऊन वापरलंही गेलंय. आता काय? आणि साहेबांनी शेवटी 'जमत नसेल तर बघा तुमचं' म्हटलं तर?

ताळेबंद

गेलेलं दुरुस्त करता येतं, नोटीस येण्याआधी. कंपनी जीएसटीच्या डीआरसी-०३ फॉर्मने स्वतःहून भरू शकते. आकडा मांडून न्या: कर ७२,०००, बारा महिन्यांचं १८ टक्क्यांनी व्याज १२,९६०, फसवणुकीच्या प्रकरणात नोटिशीआधी भरलं तर १५ टक्के दंड १०,८००. एकूण ९५,७६०. नोटीस आल्यावर दंडाचा टक्का वाढत जातो आणि शेवटी करापर्यंत पोचतो. आयकरात चार लाखांचा खर्च काढून अपडेटेड रिटर्न, जादा करासह. हे भरायचा निर्णय कंपनीचा, तुम्ही स्वतः फॉर्म टाकू शकत नाही. तुमचं काम हा तक्ता चीफ अकाउंटंटच्या टेबलावर ठेवणं आणि स्टॉक मोजणीत ती सात टन तूट लपवायला हातभार न लावणं. ऑडिटरने त्या बिलाबद्दल विचारलं तर खरं उत्तर. विचारायचा त्याला कायद्याने हक्क आहे.

वसईकर

परतफेडीवर एक ओळ. लेवीय ६ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, आणि तो ज्याचा त्याला, अर्पण वाहायच्या दिवशीच. ७२,००० वर पाचवा हिस्सा १४,४००, म्हणजे सरकारच्या १५ टक्क्यांहून थोडा जास्तच. जकातदार जक्कयाने चौपट सांगितलं, ते निर्गम २२ मधल्या चोरलेल्या मेंढराच्या हिशेबाने. त्या बिलापायी तुम्हाला बोनस किंवा पाकीट मिळालं असेल तर तेवढं तुमच्या अंगावर आहे. नसेल मिळालं तर कंपनीचा कर तुम्ही पगारातून भरायचा नाही. पापनिवेदनाला फादरही आधी तेच विचारतील, परत केलंत का.

वेतनपत्रक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, एचआरच्या बाजूने.

दानीएल १ ही इथली सगळ्यात उपयोगी पद्धत आहे. त्याने बाबेली नाव घेतलं, भाषा शिकला, दरबाराची नोकरी केली. अडला तो एकाच गोष्टीवर. आधी वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली. त्याला स्वतःच्या मानेची भीती वाटली तेव्हा त्याच्यावर चिडला नाही, खालच्या कारभाऱ्याला दहा दिवसांची चाचणी सुचवली. म्हणजे अडायची गोष्ट एकच ठेवा, वरच्याची भीती समजून घ्या, आणि ठरावीक मुदतीचा पर्याय द्या: 'सर, या तिमाहीत जीआरएनशिवाय एकही बिल चढवायचं नाही असं करून बघू, ऑडिटच्या क्वेरी किती कमी होतात ते मोजू.'

समांतर तयारी ठेवा. सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर 'नाही' म्हणताना आवाज कापत नाही. तेवढे नसतील तर आजपासून साठवायला लागा, ते जमेपर्यंत पहिली मेल कामाला येईल. पीएफचा यूएएन आणि केवायसी आत्ताच नीट करून घ्या, सोडताना अडवणूक तिथे होते.

एक चूक हमखास होते: पुरावा म्हणून कंपनीच्या फाइली खासगी मेलवर पाठवणं. करू नका. उलटा डेटा चोरीचा ठपका तुमच्यावर येतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. वहीत तारीख, व्हाउचर नंबर, कोण काय म्हणालं एवढं स्वतःच्या हाताने लिहा. कागद कंपनीतच राहतील, लॉगही. व्हिजिल मेकॅनिझम (गैरप्रकार कळवायची सोय) कायद्याने लिस्टेड कंपन्यांना, जनतेच्या ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व वित्तसंस्थांचं कर्ज ५० कोटींच्या वर असलेल्यांना लागतो. तुमच्याकडे बहुधा नसेल, तेव्हा अनामिक तक्रारपेटी शोधत बसू नका.

सोडायची वेळ आलीच तर राजीनाम्यात आरोप लिहू नका, नोटीस पिरियड पुरा करा, आणि हँडओव्हर नोटमध्ये पेंडिंग बिलांची यादी द्या: नंबर, रक्कम, कोणता कागद आला नाही. तिची पोच घ्या. तुमच्या जागी येणाऱ्याला ती यादी मिळणं हे त्याच्यावर केलेलं मोठं प्रेम आहे.

आणि कोणी विचारलं नाही तरी: मंडळीतल्या ब्रदरचं कोटेशन आलं तर साहेबांना आधी लेखी सांगा की ओळख आहे, आणि तुलनेच्या तक्त्यावर दुसऱ्याला बसवा. तीन कोटेशनांपैकी दोन त्याच ब्रदरने 'आणून' दिलेली असतात, हे पर्चेसमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. पौल यरुशलेमसाठी वर्गणी नेताना एकटा गेला नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली, कोणी दोष देऊ नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). प्रेषिताला जे लागलं ते आपल्या पर्चेस कमिटीलाही लागेल.

रोजकीर्द

पहिली मेल आज टाकली, चारच ओळी. काटापावती, एक राहिलं: स्क्रॅपवाला म्हणतो पावसाळ्यात माल ओला म्हणून वजनातून दोन टक्के कापायचेच. हे रास्त आहे का?

काटापावती

टर्निंग आणि बोरिंगच्या चुऱ्यात पाणी आणि कूलंट अडकतं, तिथे कपात रास्त असू शकते. प्लेटच्या कटिंगला पाणी धरून राहत नाही, तिथे दोन टक्के म्हणजे नुसता रिवाज. दोन्ही माल वेगळ्या खेपेत द्या. चुऱ्याचे दहा किलो घेऊन जाळीवर रात्रभर निथळत ठेवा, सकाळी परत वजन करा. जेवढं घटलं तेवढीच कपात, आणि ती चाचणी त्याच्या माणसासमोर.

पुढच्या रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये हे लिहून घ्या. आताच्या करारात कपातीचा शब्द आहे का, ते आधी बघा.